जर्मनीच्या विद्यापीठाने नाकारलं, हरकत घेतली, आणि एप्रिलच्या सत्राला जागा मिळाली

गोदाकाठची | नाशिक | १८ जानेवारी २०२६, रात्री ९:४०

मागच्या जुलैत मी इथे रडका धागा काढला होता, काहींना आठवत असेल. 'नकार आलाय, आता काय करू?' असा. त्यावर २० प्रतिसाद आले, त्यातले १४ 'देव जे करतो ते चांगल्यासाठी' छापाचे होते. (राग नाही, तुमचा हेतू चांगला होता.) काल मुंबईहून पासपोर्ट परत आला, आत व्हिसा आहे. म्हणून आता बैजवार लिहिते. जुलैत मला नेमकी हीच माहिती मराठीत कुठे सापडली नव्हती.

थोडक्यात मी कोण: नाशिकच्याच कॉलेजातून मेकॅनिकल, सीजीपीए ७.२. त्यानंतर अंबडच्या एका कंपनीत अडीच वर्षं क्वालिटीत. ७.२ म्हणजे टॉपर नाही आणि अगदी टाकाऊही नाही, हे लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट याच आकड्याची आहे.

पूर्व जर्मनीतल्या एका सरकारी विद्यापीठात प्रॉडक्शन इंजिनिअरिंगच्या मास्टर्ससाठी ऑक्टोबरच्या, म्हणजे हिवाळी सत्रासाठी अर्ज केला होता. २४ जुलैला पोर्टलवर पत्र आलं. तीन पानी. पहिल्या पानावर 'खेद आहे', दुसऱ्यावर कारण, तिसरं पान पूर्ण जर्मनमध्ये. मी पहिलं पान वाचलं आणि लॅपटॉप मिटला. बाहेर धो धो पाऊस, रामकुंडावर दुतोंड्या मारुतीच्या छातीपर्यंत पाणी आल्याच्या बातम्या, आणि घरात आई म्हणतेय 'अगं जेवून तर घे'.

दुसऱ्या दिवशी कॉलेज रोडवरच्या कन्सल्टंटकडे गेले. त्यांनी पत्र उघडूनही पाहिलं नाही. "अपील-बिपील काही नसतं मॅडम, जर्मन लोक एकदा नाही म्हणाले की नाही," असं म्हणून एका खाजगी कॉलेजचं रंगीत माहितीपत्रक पुढे सरकवलं. फी ऐकून मी तिथला चहा अर्धाच ठेवून उठले.

पत्र पूर्ण वाचलं ते नोझलकाकांनी. हे बाबांचे मायकोतले जुने मित्र. (नवीन पिढीसाठी: मायको म्हणजे बॉश. नाशकात कंपनीचं नाव बदललं तरी चौक मायको सर्कलच राहिला.) काका आयुष्यभर इंजेक्टर आणि नोझलच्या टॉलरन्समध्ये राहिले, दोनदा ट्रेनिंगला जर्मनीला जाऊन आले, त्यामुळे मोडकंतोडकं जर्मन येतं. त्यांनी चष्मा लावला आणि थेट तिसरं पान उलगडलं. म्हणाले, "पोरी, खरं पत्र इथून सुरू होतं."

तिसऱ्या पानावर जे असतं त्याचं नाव रेश्ट्सबेहेल्फ्सबेलेरुंग. एकदा म्हणून दाखवा, मी आठवडा घेतला. अर्थ सोपा आहे: या निर्णयाविरुद्ध तुम्ही काय करू शकता, कुठे आणि किती दिवसांत, याची सूचना. तिथलं विद्यापीठ सरकारी असलं की त्याचा नकार हा प्रशासकीय आदेश ठरतो, आणि अशा आदेशाविरुद्ध दाद मागायचा हक्क कायद्यातच आहे. माझ्या पत्रात लिहिलं होतं की एका महिन्यात त्याच विद्यापीठाकडे लेखी विडरश्प्रुख देता येईल. विडरश्प्रुख म्हणजे शब्दशः 'विरुद्ध बोलणं'. आपण हरकत म्हणतो तेच.

आता दुसरं पान. कारण असं होतं: या अभ्यासक्रमाला पदवीची सरासरी किमान २.५ लागते, तुमची २.६ आहे. तिकडे १ सर्वोत्तम आणि ४ म्हणजे जेमतेम पास, उलटी गंगा. आपल्या गुणांचं रूपांतर करायला 'सुधारित बव्हेरियन सूत्र' वापरतात. ते असं: कमाल गुणांतून आपले गुण वजा करा, त्याला कमाल वजा किमान पासगुण यांनी भागा, ३ ने गुणा, १ मिळवा.

त्या रात्री जेवणाच्या टेबलावर बाबा, काका आणि मी, वर्तमानपत्राच्या कडेला आकडेमोड. आमच्या विद्यापीठात पास व्हायला किमान ग्रेड पॉइंट ४. म्हणजे १० वजा ७.२ = २.८. भागिले ६. गुणिले ३. अधिक १. उत्तर २.४. पुन्हा केलं, पुन्हा २.४. मग यांचं २.६ आलं कुठून? बाबा म्हणाले, "तुझंच काहीतरी चुकत असेल." (बाबांचा माझ्यावरचा विश्वास असा आहे.) काका काही न बोलता पेन्सिल चावत होते. मग त्यांनी ६ खोडून ५ लिहिले. २.८ भागिले ५, गुणिले ३, अधिक १ = २.६८. दुसरा दशांश सोडून दिला की २.६.

त्यांनी किमान पासगुण ४ ऐवजी ५ धरला होता. भारतातल्या काही विद्यापीठांत ५ असतो, कुणीतरी सवयीने तोच टाकला असावा. एका आकड्यावर वर्ष गेलं होतं.

माझ्या ट्रान्सक्रिप्टच्या शेवटच्या पानावर ग्रेडचा तक्ता होता, ४ = पास असं स्पष्ट. आणि तो मी अर्जासोबतच दिलेला होता. म्हणजे नवीन काही सांगायचं नव्हतं, त्यांच्याच फायलीतल्या पानाकडे बोट दाखवायचं होतं.

पत्राचा पहिला मसुदा मी लिहिला तो दोन पानी. लहानपणापासूनचं स्वप्न, बाबांची कंपनी, अंबडमधला अनुभव, तुमच्या प्रयोगशाळेबद्दल आदर. काकांनी सगळ्यावर काट मारली. "ड्रॉइंगमध्ये चूक सापडली तर आपण काय स्वप्न सांगतो का? माप लिहितो." शेवटी पत्र अर्ध्या पानाचं झालं: अर्ज क्रमांक, आदेशाची तारीख, 'मी याविरुद्ध विडरश्प्रुख नोंदवते' हे वाक्य, तुमचं गणित, माझं गणित, पान क्रमांक, सही.

यापुढचा भाग नीट वाचा, इथे लोक आपटतात. साधा ईमेल चालत नाही. लेखी म्हणजे सहीचा कागद, आणि तो मुदतीच्या आत *पोचला* पाहिजे. टाकला कधी याला महत्त्व नाही. फॅक्स मात्र चालतो! जर्मनीत फॅक्स अजून मेलेला नाही. म्हणून मी सीबीएसजवळ, कोर्टाबाहेर टायपिंगवाले बसतात तिथे फॅक्स शोधत फिरले. एक आजोबा म्हणाले, "ताई, मशीन होतं. भंगारात दिलं. परवा यायचं होतं." परवा म्हणजे बहुधा २०१२. शेवटी गावातल्याच कॅनडा कॉर्नरहून कुरियर केलं, अडीच हजारांच्या वर गेले. १४ ऑगस्टला तिकडे सही करून घेतलं गेलं, ती पावती मी देव्हाऱ्यात ठेवली होती हे आईने सगळ्यांना सांगितलंय.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका ओळीचं उत्तर: मिळालं, तपासतोय. मग शांतता. गणपती झाले, नवरात्र झालं, तिकडे ऑक्टोबरच्या मध्याला वर्गही सुरू झाले. मी एकदाच विचारणा केली. ११ नोव्हेंबरला, कंपनीत ऑडिट चालू असताना, ईमेल आला: सरासरी दुरुस्त करून २.४ केली आहे, हरकत मान्य. हिवाळी सत्राचं अध्यापन सुरू झाल्यामुळे १ एप्रिलपासूनच्या उन्हाळी सत्रात प्रवेश देत आहोत. ऑडिटरला वाटलं माझ्याकडे काहीतरी मोठं नॉन-कन्फॉर्मन्स निघालंय, चेहरा तसा झाला होता.

प्रश्न विचारा. माहीत असेल ते सांगेन.

---

रिकामी_खुर्ची | १८ जानेवारी, १०:०५

वाखुसा (वाचनखूण साठवली)! आणि नोझलकाकांना साष्टांग नमस्कार. 'माप लिहितो' हे वाक्य आमच्या टूलरूममध्ये लावतो.

---

सातपूरचा_फिटर | १८ जानेवारी, १०:३१

अभिनंदन. पण जरा थंड पाणी ओततो, हलके घ्या. तुमची केस लाखात एक. समोरच्याने गणितात चूक केली म्हणून जमलं. बाकीच्या ९० टक्के पोरांना यातून खोटी आशा मिळेल. त्यापेक्षा सरळ उन्हाळी सत्राला नव्याने अर्ज करायचा. बहुतेक ठिकाणी १५ जानेवारीपर्यंत मुदत असते. तीन महिने देव्हाऱ्यात पावती ठेवून काय मिळवलं?

---

गोदाकाठची | १८ जानेवारी, १०:५२

@सातपूरचा_फिटर, नव्याने अर्ज केला असता तर तोच माणूस त्याच फाइलवर तोच ५ टाकून पुन्हा २.६ काढणार, नाही का? चूक दुरुस्त झाल्याशिवाय दुसरा अर्ज म्हणजे तेच नाणं पुन्हा उडवणं.

पण तुमचा मुद्दा एका बाबतीत खरा. मी नुसती वाट पाहत बसले नव्हते. दोन दुसऱ्या ठिकाणी उन्हाळी सत्राचे अर्ज तयार करून ठेवले होते. युनी-असिस्टचे (बाहेरच्या देशांतल्यांचे अर्ज विद्यापीठांसाठी तपासणारी संस्था) पहिल्या अर्जाला ७५ आणि पुढच्या प्रत्येकाला ३० युरो जातात, ते तयारी ठेवूनच. हरकत घेतली म्हणून दुसरे दरवाजे बंद होत नाहीत.

---

कोटाचा_खिसा | नाशिक रोड | १८ जानेवारी, ११:२०

वकील आहे म्हणून दोन शब्द. जर्मन कायदा माझा विषय नाही, पण मुलीच्या वेळी बराच वाचावा लागला.

एक, सगळीकडे विडरश्प्रुख नसतो. नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालियासारख्या राज्यात ही पायरीच काढून टाकली आहे, तिथे थेट प्रशासकीय न्यायालयात दावा, तोही महिन्याच्या आत. तिसऱ्या पानावर जे लिहिलंय तेच अंतिम, यूट्यूबवरचा दादा नाही.

दोन, ती सूचना पत्रात दिलीच नसेल किंवा चुकीची दिली असेल, तर मुदत महिन्याऐवजी एक वर्ष होते. हे फार कमी लोकांना ठाऊक आहे.

तीन, हरकत फेटाळली गेली तर शुल्क लागू शकतं. फुकट समजून उगाच ठोकून देऊ नका.

आणि यात परकं काही वाटून घेऊ नका. आपल्या माहिती अधिकारातलं पहिलं अपीलही ३० दिवसांतच करायचं असतं. सरकारी कागदाचं शेवटचं पान आधी वाचावं, हे मी अशिलांना २२ वर्षं सांगतोय. कुणी ऐकत नाही, म्हणून माझं घर चालतं.

---

तिळाची_वडी | १९ जानेवारी, सकाळी ७:४८

मला तर वाटत होतं व्हिसा नाकारल्यावर जे करतात तेच हे. आमच्या शेजारच्या मुलाने मागे केलं होतं, काय ते 'रेमॉन्स्ट्रेशन'.

---

कोटाचा_खिसा | १९ जानेवारी, ८:३०

दोन्ही वेगळ्या गोष्टी. रेमॉन्स्ट्रेशन म्हणजे व्हिसा नाकारल्यावर दूतावासाकडेच फेरविचार मागणं. ती सोय जर्मनीने १ जुलै २०२५ पासून बंद केली. आता व्हिसा नाकारला तर नवा अर्ज करायचा किंवा बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात जायचं. विद्यापीठाच्या नकाराशी याचा संबंध नाही. शेजारच्यांचा सल्ला जुना झालाय हे त्यांना प्रेमाने सांगा, तीळगूळ देऊन.

---

पंचवटी_एक्स्प्रेस_पास | १९ जानेवारी, ९:१५

(रोज सकाळी हेच धागे वाचत मुंबई गाठतो.)

अमेरिकेचं सांगतो, कारण पुढचे प्रश्न तिकडेच जाणार. तिकडे हे गणित बरोब्बर उलटं आहे. माझ्या भाचीने बॅचलर्ससाठी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या एका कॅम्पसला अपील केलं होतं. तिथे सोय आहे, पण अट अशी की काहीतरी नवीन आणि ठोस हवं, जे मूळ अर्जात नव्हतं. 'मला तुमचंच कॉलेज हवंय' हे नवीन नाही. 'मी अर्जानंतर अजून दोन सर्टिफिकेटं मिळवली' हेही बहुतेकदा पुरत नाही. भाचीचं अपील फेटाळलं गेलं, आणि खरं सांगायचं तर ते योग्यच होतं. आम्ही तीन पानं भावना लिहिल्या होत्या. आमच्याकडे नोझलकाका नव्हते.

म्हणजे जर्मनीत जुन्याच कागदातली चूक दाखवायची, अमेरिकेत नवा कागद आणायचा. दोन्हीकडे रडगाणं चालत नाही एवढं साम्य.

---

अर्धा_कप_कटिंग | टेक्सस, मूळ मखमलाबाद | १९ जानेवारी, ९:५०

पंचवटीवाल्यांना दुजोरा. पुढच्या सत्राची जागा मिळण्याचं माझं उदाहरण देतो. मास्टर्सला फॉलसाठी, म्हणजे ऑगस्टच्या सत्रासाठी, नकार आला होता. मास्टर्सच्या पातळीवर बऱ्याच ठिकाणी औपचारिक अपील नसतंच, विभागाला सभ्य ईमेल करता येतो. माझ्या बाबतीत तिसरं शिफारसपत्र मुदतीनंतर पोचलं होतं, सर गावाला गेले होते. तेवढंच कळवलं. उत्तर आलं: फॉलची यादी बंद झाली, स्प्रिंगला (जानेवारीच्या सत्राला) घेऊ.

आता स्प्रिंगचे तोटे, जे कुणी आधी सांगत नाही:

जानेवारीत गेलात की मे महिन्यात सगळे इंटर्नशिपला जातात आणि तुम्ही बसून राहता. कॅम्पसबाहेर काम करायची परवानगी, सीपीटी, मिळायला साधारणपणे पूर्ण शैक्षणिक वर्ष झालेलं असावं लागतं, आणि तुमचं एकच सत्र झालेलं असतं. मी ती सुट्टी कॅम्पसच्या कॅन्टीनमध्ये काढली. भांडी. आईला अजून माहीत नाही, इथे ती येत नाही ही गोदामाईची कृपा.

विषयही पुढेमागे होतात. 'भाग दोन' स्प्रिंगला शिकवतात, 'भाग एक' फॉलला. मी भाग दोन आधी शिकलो. पिक्चर मध्यंतरानंतर बघायला गेल्यासारखं.

फायदा: विभागात गर्दी कमी, प्राध्यापक ओळखतात, घरं स्वस्तात मिळतात.

एक पैशाची गोष्ट. सत्र पुढे ढकललं आणि आय-२० वरचा (व्हिसासाठी कॉलेज देतं तो कागद) सेव्हिस क्रमांक, म्हणजे अमेरिकी सरकारकडचा विद्यार्थी-नोंदणी क्रमांक, तोच राहिला तर ३५० डॉलरची सेव्हिस फी पुन्हा भरावी लागत नाही. नवीन कॉलेजकडून नवीन आय-२० आला तर आधी त्यांच्या ऑफिसला विचारा, मग भरा.

---

गोदाकाठची | १९ जानेवारी, दुपारी १:२५

@अर्धा_कप_कटिंग, भाग दोन आधी! माझंही तेच होणार आहे. अभ्यासक्रमाचा आराखडा ऑक्टोबरपासून सुरू होणाऱ्यांसाठी बनवलेला असतो. मी विभागाच्या समन्वयकांना विचारून एप्रिलसाठी वेगळी विषययादी मागवली. त्यांनी दोन ऐच्छिक विषय आधी घ्यायला सांगितलेत. ज्यांना एप्रिलची जागा मिळेल त्यांनी स्वीकारण्याआधी हे विचाराच. आणि त्याआधी, तुमच्या अभ्यासक्रमाला उन्हाळी सत्रात सुरुवात करता येते का तेही पाहा. कित्येकांना फक्त हिवाळीच असतं, तिथे हरकत मान्य झाली तरी पुढच्या ऑक्टोबरपर्यंत थांबावं लागेल.

---

अनुस्वार_हरवला | १९ जानेवारी, ३:०२

मी नापास उदाहरण. सगळे गोड गोड लिहितात म्हणून लिहितोय.

दोन वर्षांपूर्वी, जर्मनीच, वेगळं विद्यापीठ. विषय मर्यादित जागांचा, न्युमेरुस क्लाउझुस. ३० जागा, माझा नंबर मागे. कन्सल्टंटने हरकतीचं पत्र लिहून दिलं, त्याचे वेगळे पैसे घेतले. पत्रात काय होतं? माझी आर्थिक परिस्थिती, आजीचं आजारपण, भारत-जर्मनी मैत्री. भारत-जर्मनी मैत्री!! सात आठवड्यांनी चार ओळींत फेटाळलं. त्यांनी बरोबरच केलं. माझे गुण कमी होते आणि जागा भरल्या होत्या. चूक कुठेच नव्हती.

मला त्या नकाराचं नाही, त्या पत्राचं वाईट वाटतं. आजीचं नाव घालायला नको होतं. ती नंतर गेली.

---

गोदाकाठची | १९ जानेवारी, ३:४०

@अनुस्वार_हरवला, माझ्या पहिल्या मसुद्यातही बाबांच्या बायपासचा उल्लेख होता. काकांनी तो खोडला तेव्हा मला रागच आला होता. तुमच्याकडे खोडणारं कुणी नव्हतं, इतकाच फरक.

---

तिळाची_वडी | १९ जानेवारी, ४:१०

थोडं अवांतर. मुलगी बारावीला आहे, यंदा सीईटी. आपल्याकडे कॅप राउंडमध्ये (केंद्रीय प्रवेश फेरीत) असं काही करता येतं का? की आलं ते पदरात?

---

मास्तर_सुट्टीवर | १९ जानेवारी, ५:३३

शिकवतो म्हणून माहीत आहे. सीईटी सेल आधी तात्पुरती गुणवत्ता यादी लावतो. तिच्यात प्रवर्ग, गुण, नाव, काही चुकलं असेल तर हरकत नोंदवायला काही दिवस देतात, मग अंतिम यादी. हे दिवस फार थोडे असतात आणि लोक नेमके तेव्हा सप्तशृंगीला गेलेले असतात. अंतिम यादी लागल्यावर ओरडून उपयोग नाही. तात्पुरती यादी लागली की त्याच दिवशी प्रत्येक रकाना मूळ कागदाशी ताडून बघा. दरवर्षी माझ्याकडे चार-पाच पालक अंतिम यादीनंतर येतात.

पुढच्या सत्राला प्रवेशाचं म्हणाल, तर यूजीसीने २०२४ मध्ये विद्यापीठांना वर्षातून दोनदा, जुलै-ऑगस्ट आणि जानेवारी-फेब्रुवारीत, प्रवेश द्यायला मुभा दिली. मुभा, सक्ती नाही. इंजिनिअरिंगच्या कॅपमध्ये जानेवारीची वाट पाहू नका.

---

सातपूरचा_फिटर | १९ जानेवारी, रात्री ९:०८

कालचा माझा सूर जरा जास्तच झाला. आज शिफ्टमध्ये त्या सूत्राबद्दल सांगत होतो तर तीन पोरं कागद-पेन घेऊनच बसली. एक विचारतोय, ११,९०४ युरोचं ब्लॉक्ड अकाउंट (व्हिसासाठी राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच अडकवून ठेवायचं खातं) आधीच उघडलं होतं का? आणि नकार आल्यावर त्याचं काय झालं?

---

गोदाकाठची | १९ जानेवारी, ९:३५

नव्हतं उघडलं, आणि हे नशीबच म्हणायचं. प्रवेशपत्र हातात आल्यावर उघडलं. महिन्याला ९९२ प्रमाणे वर्षाचे ११,९०४ होतात. एपीएसचे (आपली कागदपत्रं खरी असल्याचं प्रमाणपत्र) १८,००० रुपये मात्र आधीच गेले होते. ते अर्जाआधीच करावं लागतं, त्याला इलाज नाही. पण ते प्रमाणपत्र एप्रिलच्या प्रवेशालाही चाललं, पुन्हा काढावं लागलं नाही.

पैशांबद्दल अजून एक. एप्रिलची जागा मिळाल्यामुळे पाच महिने पगार जास्त मिळाला. नात्यातल्या एक आत्या संक्रांतीला म्हणाल्या, 'सहा महिने वाया गेले ना गं.' मी हिशेब सांगितला नाही, तीळगूळ दिला.

---

उद्या_बघू | सिडको | २२ जानेवारी, रात्री ११:४४

पहिल्यांदाच लिहितोय, नुसता वाचक आहे. परवा मलाही जर्मनीहून नकार आला, एप्रिलसाठीच. हा धागा रात्रीत दोनदा वाचला. गोदाकाठची ताई, माझ्या पत्रातही तिसरं पान आहे, महिन्याची मुदत आहे. अट २.५ ची, पत्रात माझी सरासरी २.७ दिलीय. मी आधीच पत्र लिहायला घेतलंय. कुरियर कुठून केलं ते सांगाल का?

---

गोदाकाठची | २३ जानेवारी, सकाळी ६:५०

सांगते, पण आधी गणित केलंस का? सीजीपीए किती आणि तुझ्या विद्यापीठात पास किती?

---

उद्या_बघू | २३ जानेवारी, ७:१५

सीजीपीए ६.६. पास ४.

१० वजा ६.६ = ३.४. भागिले ६, गुणिले ३, अधिक १.

२.७ येतंय.

५ धरून ३.०४ येतं, म्हणजे त्यांनी ४ च धरलाय. त्यांचं बरोबर आहे.

---

सातपूरचा_फिटर | २३ जानेवारी, ७:४०

कुरियरचे अडीच हजार वाचव मित्रा.

---

गोदाकाठची | २३ जानेवारी, ८:०५

@उद्या_बघू, हरकत घेऊ नकोस. तुझ्या क्षेत्रात ज्यांची अट ३.० पर्यंत आहे असे अभ्यासक्रम शोध, आहेत. हिवाळी सत्राला बऱ्याच ठिकाणी १५ जुलैची मुदत असते, बाहेरच्या देशांतल्यांना काही ठिकाणी आधीची, तर ती प्रत्येकाच्या पानावर बघ. शाखा कोणती तुझी? आणि अनुभव किती? रविवारी दुपारी काका आमच्याकडे मिसळीला येणार आहेत, सिडकोहून इंदिरानगर किती लांब. कागद घेऊन ये, सगळे, ट्रान्सक्रिप्टच्या शेवटच्या पानासकट.

---

उद्या_बघू | २३ जानेवारी, ८:११

मेकॅनिकल. सव्वा वर्ष. येतो.